मांडवा ते वेंगुर्ला: बोटीवरचा एक मोसम

नोव्हेंबर 2023 ते मे 2024 या काळात मी आणि माझे पती कोकण किनाऱ्यावर नऊ मीटर लांबीच्या एका जुन्या शिडाच्या बोटीवर राहिलो. पती व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होते आणि मी महाविद्यालयात ग्रंथपाल होते. दोघेही निवृत्त, मुलगी परदेशी, डोंबिवलीचे घर कुलूपबंद. या काळात जवळजवळ प्रत्येकाने आम्हाला विचारले, की बोट रात्री लावता कुठे. कोचीला बोलगट्टी बेटाजवळ जशी मरीना आहे, म्हणजे तरंगते धक्के, विजेची आणि पाण्याची जोडणी, आंघोळीची सोय आणि महिन्याचे ठरलेले भाडे, तशी व्यवस्था मांडव्याच्या खाली वेंगुर्ल्यापर्यंत आम्हाला कुठे मिळाली नाही. मिळाली ती मासेमारीची बंदरे आणि खाड्या, जिथे आपली बोट ही पाहुणी असते आणि पाहुण्याने आधी कळवून यायचे असते. कुणाला, कधी आणि काय कळवायचे, हे आम्हाला सुरुवातीला कुणीही एका जागी सांगितले नाही, म्हणून हे तपशिलाने लिहिते आहे.

कागदांचे काम आम्ही जून 2023 मध्येच सुरू केले आणि ते ऑक्टोबरअखेर संपले. जूनमध्ये सुरू करण्याचे कारण असे, की पावसाळ्यात बोट जमिनीवर असते आणि सर्व्हेअरला, म्हणजे बोट तपासून अहवाल देणाऱ्याला, तिचा तळ, सुकाणू आणि बोट पुढे ढकलणारा पंखा कोरड्यात पाहता येतो. बोट एकदा पाण्यात गेली, की तेवढ्यासाठी ती पुन्हा उचलण्याचा खर्च पडतो. किनाऱ्यावरच्या लहान बंदरांचा कारभार 1996 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे आणि त्याची वांद्रे, मोरा, राजपुरी, रत्नागिरी आणि वेंगुर्ले अशा गटांत विभागणी केलेली आहे. मालकी आमच्या नावावर करणे, सर्व्हे आणि विमा ही तीन कामे एकमेकांत अडकलेली असतात: विमा कंपनीला सर्व्हेचा अहवाल हवा असतो, आणि नाव बदलल्याशिवाय विमा आपल्या नावाने निघत नाही. त्यात आमच्या जुन्या प्रमाणपत्रावर 1917 च्या अंतर्देशीय नौका कायद्याचा उल्लेख होता, आणि आता त्याच्या जागी 2021 चा कायदा आला आहे, त्यामुळे काही कागद नव्याने करावे लागले. व्हीएचएफ रेडिओचा, म्हणजे बोटीवरून दुसऱ्या बोटींशी आणि किनाऱ्याशी बोलण्याच्या बिनतारी संचाचा, परवाना वेगळा. तो केंद्राच्या दूरसंचार विभागाकडून घ्यावा लागतो आणि त्याला आमच्या अंदाजापेक्षा बराच जास्त वेळ लागला. सर्वांत आधी अर्ज करायचा तो त्याचा, असे मी आता कुणालाही सांगेन.

एका कार्यालयात आमची फाइल दोन वेळा परत आली, कारण त्यांच्या अर्जात बोटीचा वापर या सदराखाली मासेमारी आणि प्रवासी वाहतूक असे दोनच रकाने होते. समोरचे लिपिक सौजन्याने वागत होते. त्यांना फक्त कुठल्या तरी रकान्यात खूण हवी होती. शेवटी तिथल्याच एका वरिष्ठ बाईंनी मार्ग सुचवला. अर्जासोबत एक स्वतंत्र पत्र जोडायचे आणि त्यात स्पष्ट लिहायचे, की ही बोट खासगी वापराची आहे, तिच्यावर भाड्याने प्रवासी घेतले जाणार नाहीत, मासेमारी केली जाणार नाही आणि तिच्यावर मालक पतीपत्नी स्वतः राहणार आहेत. हे एक वाक्य पुढे सबंध किनाऱ्यावर आमच्या उपयोगी पडले. त्याच धर्तीवर आम्ही एका पानाचे मराठी पत्र तयार केले. त्यात बोटीचा रंगीत फोटो, नोंदणी क्रमांक, दोघांची नावे आणि फोन, मुक्कामाच्या बंदरांची क्रमवार यादी आणि अंदाजे तारखा होत्या. त्याच्या पन्नासेक प्रती आधारच्या प्रतींसह प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून ठेवल्या. कागद, सर्व्हे, विमा आणि हेलपाटे मिळून सुमारे 40,000 रुपये लागले. लाइफ जॅकेट, धुराचे आणि प्रकाशाचे संकेत, अग्निशामक आणि नवा नांगर यांचा खर्च त्याहून वेगळा आणि त्याहून थोडा जास्तच झाला.

भाऊबीज आटोपून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही गेट वेसमोरून निघालो आणि पहिला मुक्काम मांडव्याला केला. मांडव्याला लाटरोधक भिंत असल्यामुळे जागा सुरक्षित वाटते, पण भाऊच्या धक्क्यावरून येणारी रो-रो बोट आणि दिवसभर ये-जा करणाऱ्या लाँच यांच्या लाटांनी आमची बोट सतत हलत राहिली. माझे सबंध स्वयंपाकघर झाकणाच्या डब्यांत गेले ते तिथेच. पहिल्या काही रात्री मला झोप लागली नाही. भीती होती ती बुडण्याची नव्हती. नांगर सुटून आपण झोपेत कुणावर तरी जाऊन आदळू, याची होती. त्यावर उपाय म्हणून पतींनी मोबाइलवर नांगराचा गजर लावला, म्हणजे बोट ठरलेल्या वर्तुळाबाहेर सरकली, की फोन वाजतो. नांगराची दोरी भरतीच्या वेळच्या खोलीच्या निदान पाचपट सोडायची, हा नियम त्यांना पाठ होता. मला तो तिथे पटला.

या किनाऱ्यावर थंडीत वाऱ्याचे वेळापत्रक बरेच नेमके असते. पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो, नऊ-दहाच्या सुमारास तो पडतो, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटून संध्याकाळपर्यंत वाढत जातो. दक्षिणेकडे जाणाऱ्याला दोन्ही वारे सोयीचे आहेत. आम्ही पहाटे उजाडताच निघायचो आणि दुपारी तीनच्या आत पुढच्या ठिकाणी नांगर टाकायचा असा नियम केला. रात्रीचा प्रवास पूर्ण वर्ज्य केला, कारण अलिबाग-रेवदंड्याच्या समोरच्या पट्ट्यात डोल जाळ्यांचे, म्हणजे एका जागी बांधून ठेवलेल्या जाळ्यांचे, खुंट आणि त्यांचे बोये असतात आणि अंधारात ते दिसत नाहीत. जाळे पंख्यात गुंतले तर आपले इंजिन जाते आणि दुसऱ्याचे पोट जाते. दुसऱ्या गोष्टीची भरपाई पैशांनीही नीट होत नाही.

भरती-ओहोटीसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची कोष्टके आमच्याकडे होती, पण बंदरात कुणीही कोष्टक पाहत नाही. तिथे तिथीला पाऊणने गुणतात: चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. हा हिशेब ढोबळ आहे आणि दक्षिणेकडे जावे तशी भरती मुंबईच्या आधी येते, तरी कॅलेंडरवर नजर टाकून दिवसाची आखणी करायला तो पुरतो. आमच्यासाठी हे महत्त्वाचे होते, कारण आमच्या बोटीचा दीड मीटर भाग पाण्याखाली असतो आणि बाणकोटसारख्या खाड्यांच्या मुखाशी वाळू साचलेली असते. तिथे चढत्या भरतीच्या शेवटच्या दोन तासांतच शिरावे, म्हणजे तळ लागलाच तरी वाढते पाणी बोट उचलते. उतरत्या पाण्यात तळ लागला, तर पुढची भरती येईपर्यंत बोट कुशीवर. बाणकोटला लाटा फुटताना दिसल्या, म्हणून आम्ही आत गेलोच नाही.

राजपुरीच्या खाडीत मात्र आम्ही ठरवल्यापेक्षा बराच काळ राहिलो. जंजिऱ्याच्या आत खाडी रुंद आणि खोल आहे, तळाला चिखल असल्याने नांगर चांगला धरतो, आणि आगरदांडा आणि दिघी यांच्यामध्ये फेरी बोट चालत असल्याने बाजारहाट सोपा होतो. परंतु आमची खरी परीक्षाही याच भागात झाली. 18 ऑगस्ट 2022 रोजी हरिहरेश्वरजवळ एक बेवारस शिडाची बोट किनाऱ्याला लागली होती आणि तिच्यात तीन एके-47 रायफली सापडल्या होत्या. ती ‘लेडी हान’ नावाची बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची होती आणि मस्कतच्या बाजूला सोडून दिल्यावर वाहत आली होती, हे पुढे स्पष्ट झाले. पण श्रीवर्धन तालुक्याने 1993 साली शेखाडीला उतरवलेली स्फोटके पाहिलेली आहेत, आणि 2008 चा हल्ला तर समुद्रातूनच झाला. त्यामुळे अनोळखी शीड दिसले की इथला माणूस फोन उचलतो, आणि त्याने तो उचलावा यासाठीच गावोगाव त्याला इतकी वर्षे सांगितले गेले आहे.

आमच्याबद्दलही असा फोन गेला. सकाळी गस्तीची बोट बाजूला आली, चार जण वर चढले, त्यांनी प्रत्येक कप्पा उघडून पाहिला, तांदळाच्या डब्यात हात घालून पाहिला आणि आमची कागदपत्रे मोबाइलवर टिपली. सुमारे दीड तास लागला. मी मनातून पुरती घाबरले होते, पण त्यांना चहा विचारला आणि त्यांनी तो घेतला. जाताना त्यांच्यातल्या हवालदारांनी सांगितलेली पद्धत आम्ही पुढे तंतोतंत पाळली: निघण्याच्या आदल्या दिवशी पुढच्या हद्दीतल्या सागरी पोलीस ठाण्याला फोन करायचा, पोहोचल्यावर त्याच दिवशी बंदर निरीक्षकांच्या कार्यालयात पत्राची प्रत देऊन पोच घ्यायची, आणि मग मच्छीमार सोसायटीत जाऊन बोट कुठे लावू ते विचारायचे. तिसरी पायरी कोणत्याही नियमात लिहिलेली नाही, पण ती वगळली तर पहिल्या दोन निरुपयोगी ठरतात. पोच घेतलेल्या प्रती एका वहीत चिकटवत गेलो, आणि तीन-चार बंदरांनंतर ती वही दाखवली की चौकशी दहा मिनिटांत आटपू लागली. किनारी पोलिसांचा 1093 आणि तटरक्षक दलाचा 1554 हे क्रमांक आम्ही आतल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले होते.

4 डिसेंबरला मालवणात नौदल दिन होता आणि पंतप्रधान येणार होते. त्या आठवड्यात किनाऱ्यावर हालचाल न केलेली बरी, असे आम्हाला भेटणारा प्रत्येक जण सांगत होता, म्हणून तो सोहळा पार पडेपर्यंत राजपुरीतच थांबलो. त्या थांब्यात रोजचे जगणे मार्गी लागले. टाकीत 200 लिटर पाणी मावते. भांडी खाऱ्या पाण्याने घासून शेवटी गोड्या पाण्याने विसळली, तर दोघांना ते आठवडाभर पुरते. पिण्याचे पाणी वीस लिटरच्या जारने, जारमागे 30 ते 50 रुपये, आणि जेटीपासून लांब असेल तर रिक्षाचे वेगळे. गॅससाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर घेतला, कारण त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, फक्त ओळखपत्र चालते, आणि आमच्यासारख्या बेपत्त्याच्या माणसांना ते सोयीचे पडते. डिझेलची अडचण जास्त होती. सोसायटीचा पंप सभासदांच्या नौकांसाठी असतो, त्यामुळे रस्त्यावरच्या पंपावरून लिटरला नव्वदीच्या वर दर देऊन कॅन भरून आणावे लागत. काही पंप कॅनमध्ये देत नाहीत. तिथे बोटीच्या नोंदणीची प्रत दाखवली आणि धातूचा कॅन नेला, तर बहुधा देतात. विजेची काळजी मात्र उरली नाही. छपरावरच्या दोन सौर पट्ट्यांवर दिवे, एक पंखा आणि फोन चालत.

शौचाचा प्रश्न कुणी उघड विचारत नाही, म्हणून लिहिते. बंदरात आणि खाडीत बोटीचा संडास वापरायचा नाही, हा आमचा नियम होता. आजूबाजूला लोक त्याच पाण्यात उभे राहून मासे धुतात. त्यामुळे जेटीवरचे सार्वजनिक स्वच्छतागृह किंवा सोसायटीच्या कार्यालयातले, आणि रात्रीसाठी झाकणाची पेटी. बायकांसाठी स्वच्छतागृह प्रत्येक बंदरात असेलच असे नाही, आणि असलेच तर त्याची किल्ली कुणाकडे असते हे मासळी विकणाऱ्या बायकांनाच ठाऊक असते. मी प्रत्येक ठिकाणी आधी त्यांच्याजवळ जाऊन बसत असे. किल्लीबरोबर डॉक्टर कोण, दूध कुठे आणि कुठल्या जेटीवर रात्री दारू चालते, एवढी सगळी माहिती मिळत असे.

हर्णैला आम्ही डिसेंबरच्या मध्यावर पोहोचलो. सुवर्णदुर्गाच्या आडोशाला नांगर टाकला, पण ती जागा मोकळ्या समुद्राला पुरेशी बंद नाही आणि संध्याकाळचा वारा वाढला की बोट या कुशीवरून त्या कुशीवर लोळते. हर्णैच्या नौका वादळात आंजर्ल्याच्या खाडीत जातात, पण आमच्या दीड मीटरला तिथल्या मुखावर पाणी पुरेल याची खात्री कुणी देईना. किनाऱ्यावरचा लिलाव पाहिला, पापलेटचे भाव ऐकून बांगडे घेतले आणि तिसऱ्या पहाटे निघालो. दाभोळच्या खाडीत आत शिरल्यावर एकदम शांतता मिळाली. तिथे लक्षात ठेवण्याची गोष्ट एवढीच, की अंजनवेलच्या बाजूला वायूच्या टर्मिनलची धक्क्यालगतची हद्द आहे आणि तिच्यापासून लांब राहावे. जयगडला मोठी जहाजे येतात, त्यांच्या वाटेवर आपण नसावे म्हणून शास्त्रीच्या खाडीत आतवर गेलो. या दोन्ही ठिकाणी डासांनी हैराण केले. मच्छरदाणी शिवून घेतली ती जयगडातच, 600 रुपयांत, आणि सबंध मोसमात इतका उपयोगी पैसा दुसरा कुठला गेला नसेल.

रत्नागिरीत डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मिरकरवाड्याला जागाच नव्हती. पर्ससीन, म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या जाळ्याच्या, मासेमारीला 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर अशी मुदत आहे. ती संपत आली होती आणि नौका एकमेकींना खेटून उभ्या होत्या. तिथल्या सोसायटीतल्या एका ज्येष्ठ तांडेलांनी, म्हणजे नौकेच्या प्रमुखांनी, मला सरळ सांगितले, “वहिनी, आमच्याच नौका चार-चारच्या ओळीत लागल्या आहेत. पहाटे कोण कधी सुटेल याचा नेम नाही, तुमची बोट मध्ये चिरडेल.” त्यांचे म्हणणे योग्यच होते. आम्ही भगवती बंदराच्या बाजूला जहाजांची वाट सोडून नांगर टाकला आणि छोट्या होडीने येत-जात राहिलो. रत्नागिरीत साठलेली शहरी कामे उरकली: बँकेचे केवायसी, दाताचा डॉक्टर, रक्तदाबाच्या तीन महिन्यांच्या गोळ्या, धोब्याकडे चादरी. टपाल मागवण्यासाठी आम्ही तिथल्या नातेवाइकांचा पत्ता दिला होता. ज्यांचे नातेवाईक वाटेवर नसतील, त्यांनी कायमचा पत्ता न बदलता घरी कुणाला तरी टपाल उघडून फोटो पाठवायला सांगावे. संक्रांत तिथेच झाली.

दोघांमध्ये खटके उडायला लागले तेही रत्नागिरीत. नऊ मीटरच्या बोटीत एकाने दुसऱ्यावर रागावून दुसऱ्या खोलीत जाण्याची सोय नसते, आणि समुद्रावर कामाच्या वेळी हुकूम देण्याची सवय असलेला माणूस नांगर टाकल्यावरही हुकूम देत राहतो. आम्ही तोड काढली ती अशी, की बोट चालू असताना त्यांचे ऐकायचे आणि बोट थांबली की माझे. तसेच आठवड्यातला एक दिवस प्रत्येकाने एकट्याने किनाऱ्यावर घालवायचा. मी त्या दिवशी बहुधा गावातले वाचनालय शोधत असे.

जानेवारीअखेर पूर्णगड आणि जैतापूर मागे टाकून विजयदुर्गला आलो. वाघोटनची खाडी हे मला या सबंध किनाऱ्यावरचे सर्वांत भरवशाचे आश्रयस्थान वाटले. वायव्येच्या वाऱ्याला किल्ल्याचे टोक आडवे येते आणि आत वळले की पाणी तळ्यासारखे होते. खाडीच्या काठी गिर्ये इथे मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे, आणि बोटीवर राहणाऱ्याने ती आवर्जून पाहावी. भरतीला नौका आत घ्यायची आणि ओहोटीला पाणी उतरले की तळाचे काम करायचे, हे तत्त्व तिथे उभे राहिले की लगेच समजते. आम्हीही जवळच्या एका पुळणीवर पौर्णिमेच्या उधाणाला बोट टेकवून, दोन्ही बाजूंना लाकडी आधार देऊन, ओहोटीच्या चार-पाच तासांत तळावर चिकटलेले शिंपल्यांसारखे बार्नेकल खरवडले. गावातल्या दोन मुलांनी मदत केली आणि प्रत्येकी 700 रुपये घेतले. क्रेनने तेच काम करायला किती तरी पट पैसे पडले असते.

मालवणला नकाशा हातात असूनही स्वतःच्या भरवशावर शिरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. देहरादूनच्या राष्ट्रीय जलालेख कार्यालयाचे नकाशे उत्तम आहेत, परंतु सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली आणि पाण्याबरोबर इतके खडक आहेत, की तिथल्या माणसाला सोबत घेणे हेच शहाणपण. देवगडहून निघण्यापूर्वी आम्ही फोन करून ठेवला होता. एक म्हातारे आजोबा आपल्या होडीतून बाहेर आले, पुढे झाले आणि त्यांच्या मागोमाग आम्ही आत गेलो. मी नांगर सोडायला उठले तसे ते ओरडले, “वैनीनू, हंय नांगर टाकू नकात, खाली खडप आसा!” मग पन्नास मीटर पुढे वाळूचा तळ दाखवला. त्यांनी पैसे मागितले नाहीत. आम्ही 1,000 रुपये दिले. इथला काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळावर नांगर पडता कामा नये, म्हणून जागा विचारूनच घ्यावी. नांगराच्या टोकाला वेगळी दोरी बांधून तिला बोया लावला, तर तो खडकात अडकला तरी उलट ओढून सोडवता येतो.

मालवणात आम्ही शिमग्यापर्यंत राहिलो. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरांच्या आसपास फरक असतो, इथे तो निम्म्यावर येतो, त्यामुळे दोऱ्या सारख्या सैल-घट्ट कराव्या लागत नाहीत आणि झोप पुरती होते. रात्री तळाखालून कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज येत असे. बोट फुटते आहे की काय, असे मला पहिल्यांदा वाटले होते. तो आवाज एका जातीच्या बारीक कोळंबीचा असतो. दिवसा किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांतले पर्यटक आमचे फोटो काढत, आणि वाळत घातलेल्या कपड्यांमागे बसून मी भाजी निवडत असे. शेजारधर्म मात्र असा, की आठवड्यातून दोन-तीन वेळा कुणीतरी मासळीचा वाटा बोटीवर टाकून जाई. त्याचे पैसे कुणी घेत नसे, म्हणून आम्ही पतींच्या हातातले काम देऊ केले. त्यांनी पाच-सहा होड्यांची इंजिने दुरुस्त केली, आणि त्यानंतर मालवणात आम्हाला कशाची वाण पडली नाही.

मार्चअखेर निवतीच्या बाहेरून, वेंगुर्ल्याच्या खडकांवरचे दीपगृह उजवीकडे ठेवून, आम्ही वेंगुर्ला बंदरात गेलो आणि तिथूनच परत फिरलो. तेरेखोल ओलांडले की गोव्याची हद्द लागते, तिथली यंत्रणा वेगळी, आणि त्यासाठी नव्याने पत्रव्यवहार करायला वेळ उरला नव्हता. परतीचा प्रवास सोपा नाही, हे आधीच माहीत असावे. वायव्येचा वारा आता तोंडावर येतो आणि एप्रिलमध्ये त्याचा जोर वाढतो, म्हणून पहाटे तीनला उठून, उजेड होताच निघून, दहा-अकरापर्यंत इंजिनवर जेवढे अंतर कापता येईल तेवढेच कापायचे. जाताना जेवढे डिझेल लागले, त्याच्या तिप्पट येताना लागले. निवडणुकीचे दिवस असल्याने तपासण्याही वाढल्या होत्या. पोचेची वही पुन्हा कामाला आली.

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही वाघोटनच्या खाडीत होतो. 4 आणि 5 मेसाठी समुद्राच्या स्थितीचा अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेने उंच लाटांचा इशारा दिला होता, आणि तो वाचून मी चक्रावले, कारण वारा नव्हता आणि आकाश स्वच्छ होते. अशा लाटा दूर दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळी भागात तयार होतात आणि हजारो किलोमीटर कापून इथे पोहोचतात. त्यांना स्थानिक वारा लागत नाही. खाडीत आत असल्यामुळे आम्हाला फक्त दोऱ्या ताणल्याचे जाणवले, पण किल्ल्याबाहेर त्या लाटा खडकांवर फुटताना पाहिल्या. तेव्हापासून हवामान खात्याच्या पत्रकासोबत इन्कॉइसचा लाटांचा अंदाजही रोज पाहू लागलो.

बोट वर काढण्याची व्यवस्था मार्चमध्येच ठरवलेली होती आणि तशी ती ठरवावीच लागते. मेच्या उत्तरार्धात प्रत्येकाला आपली नौका काढायची असते, कारण मासेमारीबंदी 1 जूनला सुरू होते, प्रवासी आणि पर्यटनाच्या होड्या 26 मेपासून बंद होतात, आणि आमच्या विम्यातही मोसमाबाहेर समुद्रात असलेल्या बोटीला संरक्षण नव्हते. मेच्या मध्यावर अमावस्येनंतरच्या भरतीला बोट उतारावर आणली, क्रेनने ट्रेलरवर चढवली आणि एका माडांच्या वाडीत उभी केली. क्रेन, ट्रेलर आणि माणसे मिळून सुमारे 28,000 रुपये झाले. वाडीचे पावसाळ्याचे भाडे आणि राखण वेगळी, महिना 3,000. डोलकाठी उतरवली, इंजिन गोड्या पाण्याने धुतले, बॅटऱ्या काढून घरी आणल्या, ताडपत्रीवर गावच्या रिवाजाप्रमाणे माडाच्या विणलेल्या पानांचे झाप घालून बोट शाकारली आणि हवा खेळण्यासाठी दोन्ही टोके उघडी ठेवली. 20 तारखेच्या मतदानाला आम्ही डोंबिवलीत हजर होतो.

क्रेन आणि कागदपत्रे वगळून सबंध मोसमाचा खर्च महिन्याला सरासरी 24,000 रुपयांच्या आसपास आला. त्यात डिझेल आणि रिक्षा हे दोन मोठे आकडे होते. बंदराचे शुल्क त्यांच्या मानाने किरकोळ होते, पण प्रत्येक पावती जपून ठेवावी, कारण पुढच्या बंदरात आधीची पावती मागतात. अचानक येणाऱ्या दुरुस्तीसाठी 50,000 रुपये बाजूला ठेवले होते. त्यातले निम्मे पाण्याच्या पंपावर आणि फाटलेल्या शिडावर गेले.

2024 च्या पावसाळ्यात हे लिहिताना पुढच्या मोसमाचा सर्व्हे ऑगस्टमध्ये, बोट वाडीत असतानाच करून घ्यायचा आहे. शुल्क ऑनलाइन भरले आहे, पावती आली आहे, सर्व्हेअरची तारीख अजून मिळालेली नाही. गोव्याच्या हद्दीसाठीचे पत्र या वेळी जूनमध्येच पाठवले आहे.